बंदुकीचा सायलेन्सर: अर्थ, लेखन आणि व्युत्पत्ती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परभणी, बीड, नांदेडकडचे नवे वार्ताहर, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आणि इंग्रजीतून मराठी भाषांतर करणारे, या तिघांकडून या एका शब्दाबद्दल सारखी विचारणा होते. शब्द रोजच्या तोंडातला आहे, तरी बंदुकीचा विषय निघाला की सगळे अडखळतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

सायलेन्सर म्हणजे नेमकं काय?

पिस्तूल किंवा रायफलच्या नळीच्या तोंडाला बसवायचं नळकांडं. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, तिचा तापलेला वायू गोळीला पुढे ढकलतो आणि गोळीच्या पाठोपाठ नळीबाहेर पडतो. बाहेर येताना त्याचा दाब एकदम सुटतो. बार उडाल्याचा जो आवाज येतो त्यातला मोठा हिस्सा या सुटणाऱ्या दाबाचा. सायलेन्सरमध्ये एकामागून एक पडदे असतात. त्या पडद्यांमधल्या कप्प्यांत वायू अडतो, पसरतो, थोडा निवतो आणि मग सावकाश बाहेर येतो. पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरची ट्यूब फुटली तर अख्खी गल्ली दचकते, पण त्याच ट्यूबमधली हवा वॉल्व्हमधून सोडली तर नुसतं फुस्स होतं. हवा तेवढीच, फरक फक्त ती किती वेळात बाहेर पडते याचा.

मग बंदूक मुकी होते का? सिनेमात तर फक्त “फुट्” एवढंच ऐकू येतं.

होत नाही. सिनेमातला तो “फुट्” ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तयार झालेला असतो.

गोळीबारात तीन वेगवेगळे आवाज असतात. पहिला नळीच्या तोंडाशी फुटणाऱ्या वायूचा, सायलेन्सरचा इलाज चालतो तो फक्त यावर. दुसरा गोळीचा स्वतःचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. बहुतेक रायफलींची गोळी याहून बरीच वेगात जाते आणि वाटेत चाबूक कडाडल्यासारखा आवाज करत जाते. नळीच्या टोकाला काहीही बसवलं तरी पुढे निघून गेलेल्या गोळीचा आवाज कसा थांबणार? तो टाळायचा तर ध्वनीपेक्षा कमी वेगाचं काडतूस वापरावं लागतं. तिसरा आवाज यंत्राचा: घोडा आपटतो, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागेपुढे होते, रिकामं काडतूस खाली पडतं.

आकड्यांत सांगायचं तर बंदुकीचा बार साधारण १४० ते १७० डेसिबलच्या घरात असतो आणि चांगला सायलेन्सर त्यातून सुमारे २० ते ३५ डेसिबल कमी करतो. डेसिबलची मोजणी सरळ बेरजेची नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट बदलते, म्हणून ३० डेसिबलची घट फार मोठी असते. तरीही १६० मधून ३० वजा केले तर १३० उरतात, आणि १३० ला कोणी शांतता म्हणणार नाही. कानाला त्रास व्हायची पातळीच ती. नावात शांततेचं आश्वासन आहे, वस्तू मात्र फक्त आवाज कमी करते. या शब्दावरचे निम्मे वाद इथूनच सुरू होतात.

आमच्याकडे सायलेन्सर म्हटलं की मोटारसायकलच आठवते. हा अर्थ चुकीचा आहे का?

अजिबात नाही. उलट मराठीत तोच मूळ धरून बसलेला अर्थ आहे. इंग्लंडमध्ये गाडीच्या धुराड्यावरच्या डब्याला ‘सायलेन्सर’ म्हणतात, अमेरिकेत त्यालाच ‘मफलर’ म्हणतात. गाड्या आणि गाड्यांची भाषा आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, म्हणून आपण सायलेन्सर घेतला आणि मफलर हिवाळ्यात गळ्याभोवती गुंडाळला.

कायद्याची भाषाही हीच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला नियम १२० सायलेन्सरबद्दलच आहे. प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, इंजिनातून निघणाऱ्या वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारं उपकरण असलं पाहिजे, असं तो सांगतो आणि त्या उपकरणाला सायलेन्सर हे नाव देतो.

मराठवाड्यात गोंधळ आणखी एका कारणाने होतो. इथे ‘बुलेटचा सायलेन्सर’ म्हटलं तर गोळी कोणाच्याच डोक्यात येत नाही, कॉलेजच्या फाटकासमोरून फटाके फोडत जाणारी गाडी येते. गंमत म्हणजे त्या गाडीचं घराणं खरंच बंदुकीचं आहे. इंग्लंडमधल्या एनफील्ड इथल्या सरकारी शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने ‘रॉयल एनफील्ड’ हे नाव घेतलं, ‘बंदुकीसारखी बनवलेली’ हे घोषवाक्य केलं आणि १९३० च्या दशकात एका मॉडेलला ‘बुलेट’ म्हटलं. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री नॉट थ्री हीसुद्धा ली-एनफील्डच. त्याच रायफलीचा साचा घेऊन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी डी लाइल नावाची कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची रायफल, बनवली. तिच्या नळीभोवती सायलेन्सर मुळातच बसवलेला होता, आणि तिच्यात ध्वनीपेक्षा कमी वेगाचं पिस्तुलाचं .४५ काडतूस वापरत. त्या काळातल्या सगळ्यांत कमी आवाजाच्या बंदुकांत तिची गणना होते.

जुन्या पिढीने मोटारसायकलीचं नावच आवाजावरून ठेवलं होतं: फटफटी. माझ्या मते बोलीतल्या अगदी नेमक्या शब्दांपैकी तो एक. आता वर्तमानपत्रांत ‘कर्णकर्कश सायलेन्सरवर कारवाई’ असा मथळा येतो, त्यातला विरोधाभास कोणालाच खटकत नाही. शब्द अंगवळणी पडल्याचीच ही खूण.

शब्द आला कुठून?

मुळाशी लॅटिन ‘सिलेरे’ हे क्रियापद आहे, अर्थ गप्प असणं. त्यावरून ‘सिलेन्टियुम’, मग फ्रेंचमार्गे इंग्रजीतला ‘सायलेन्स’, आणि त्याला कर्त्याचा प्रत्यय लागून ‘सायलेन्सर’. इंग्रजीत हा शब्द सुरुवातीला माणसाला लावत: दुसऱ्याला गप्प बसवणारा. यंत्राला तो नंतर चिकटला.

बंदुकीच्या संदर्भात हा शब्द जगभर नेण्याचं श्रेय एका अमेरिकन इंजिनिअरला जातं. हायरम पर्सी मॅक्झिम, जन्म १८६९, मृत्यू १९३६. याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम यांनी १८८४ च्या सुमारास पहिली खऱ्या अर्थाने स्वयंचलित मशीनगन बनवली, तीच मॅक्झिम गन. त्या बंदुकांच्या चाचण्या करता करता वडिलांचे कान गेले. मुलाने आवाज दाबायचं यंत्र काढलं आणि मार्च १९०९ मध्ये त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या कंपनीने ते ‘मॅक्झिम सायलेन्सर’ या नावाने बाजारात आणलं. एका घरात बापाने ठो-ठो दिली आणि लेकाने त्यावर बूच, असं म्हणायचा मोह होतो. पण वडिलांचे कान गेले म्हणून मुलाने हे केलं, असा थेट धागा जोडू नका. मुलाची स्वतःची गोष्ट वेगळी आहे. न्हाणीघरात पाणी भोवरा करत मोरीतून कसं जातं ते पाहून कल्पना सुचली, असं तो सांगत असे. त्याच्या सुरुवातीच्या रचनेतही वायूला गोल फिरवण्यावरच भर होता.

हा मुलगा मुळात मोटारगाड्यांच्या धंद्यातला इंजिनिअर. पुढे त्याची कंपनी बंदुकीचा नाद सोडून इंजिनं आणि कारखान्यांच्या यंत्रांचा आवाज कमी करण्याकडे वळली. म्हणजे गाडीचा सायलेन्सर आणि बंदुकीचा सायलेन्सर ही दोन अनोळखी भावंडं नाहीत, एकाच कामशाळेत वाढलेली आहेत. १९१४ मध्ये हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकन संघटना उभी करणाऱ्यांतही हाच मॅक्झिम होता.

‘सप्रेसर’ आणि ‘सायलेन्सर’ वेगळे आहेत का?

वस्तू एकच. ‘सप्रेसर’चं मूळही लॅटिनच, खाली दाबणं या अर्थाचं. आवाज नाहीसा होत नाही, दबतो, म्हणून जाणकारांना आणि अमेरिकेतल्या उत्पादकांना हा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो. ‘सायलेन्सर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मारेकरी उभा राहतो, हेही त्यामागचं एक कारण, आणि ते व्यापाराचं आहे.

पण ‘सायलेन्सर हा शब्द चूक आहे’ असं कोणी ठणकावून सांगितलं तर मान डोलावू नका. शोध लावणाऱ्याने हेच नाव दिलं. अमेरिकेच्या १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्यातही ‘मफलर किंवा सायलेन्सर’ असेच शब्द होते. त्या कायद्याने अशा प्रत्येक उपकरणाच्या खरेदीवर २०० डॉलर कर बसवला. त्या काळी तो इतका जबर होता की सामान्य गिऱ्हाईक आपोआप बाजूला झालं. ब्रिटनमध्ये शिकारी मंडळी ‘साउंड मॉडरेटर’ म्हणतात. जर्मन आणि रशियन भाषांत, आपल्यासारखंच, गाडीला आणि बंदुकीला एकच शब्द चालतो.

मराठी मजकुरात मी सायलेन्सरच ठेवेन. भाषांतर करताना मूळ लेखकाने मुद्दाम ‘सप्रेसर’ वापरला असेल, त्यावर त्याचा युक्तिवाद उभा असेल, तरच सप्रेसर.

मराठीत कसं लिहायचं: सायलेन्सर, सायलेंसर की सायलन्सर?

सायलेन्सर.

कारण सांगतो, कारण यावर चहाच्या टपरीपासून संपादकीय विभागापर्यंत वाद झालेले आहेत. तत्सम नसलेल्या शब्दांत अनुनासिक उच्चारासाठी शीर्षबिंदू द्यावा, या नियमाचं बोट धरून काही जण ‘सायलेंसर’ लिहितात. हिंदीतही ‘साइलेंसर’ असं अनुस्वारानेच लिहितात, आणि गाड्यांच्या सुट्या भागांची खोकी, पाट्या, जाहिराती हिंदीत येतात, त्यामुळे ते रूप डोळ्यांत बसतं.

अडचण अशी की मराठीत ‘स’च्या आधीचा अनुस्वार ‘न्’सारखा उच्चारला जात नाही. हिंसा, मांस, संसार हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. अनुस्वाराच्या जागी नाकातला ‘व’ येतो. र, व, श, ष, स, ह यांच्या आधी मराठीचं हे असं चालतं. मग ‘सायलेंसर’ मराठीच्या चालीने वाचलं तर काहीतरी ‘सायलेव्सर’ व्हायला हवं, आणि तसं कोणीच म्हणत नाही. आपण स्पष्ट ‘न्’ म्हणतो, म्हणून अर्धा न लिहावा. कॅन्सर, डान्स, चान्स, इन्शुरन्स हे शब्द आपण कुरकूर न करता अर्ध्या ‘न’ने लिहितोच की. ‘सायलेंट’ला मात्र अनुस्वार चालतो, कारण ‘ट’च्या आधी तो अडचण करत नाही.

‘सायलन्सर’ हे इंग्रजी उच्चाराला जवळचं आहे, कारण इंग्रज मधलं अक्षर गिळतात. पण मराठी माणसाने हा शब्द कानाने नाही, डोळ्याने घेतला, इंग्रजी अक्षरं वाचून घेतला, आणि ‘ले’ कायम झाला. आता तो बदलायला जाणं म्हणजे उगीच शहाणपण. गॅरेजमधले ‘सालेन्सर’, ‘सायलिन्सर’ हे बोलण्यातले प्रकार. कोणाच्या तोंडचं वाक्य अवतरणात देताना ते जसंच्या तसं द्यायला हरकत नाही.

‘सप्रेसर’ लिहिताना एकच प आणि एकच स पुरे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ती अक्षरं दुहेरी आहेत म्हणून देवनागरीत ‘सप्प्रेस्सर’ करू नये.

लिंग, वचन आणि विभक्ती?

पुल्लिंगी. तो सायलेन्सर, ते सायलेन्सर, अनेकवचनात रूप बदलत नाही. सायलेन्सरचा, सायलेन्सरला, सायलेन्सरने. ‘सायलेन्सराचा’ व्याकरणात बसतं पण कानाला टोचतं.

चांगला मराठी प्रतिशब्द नाही का?

सुचवलेले बरेच आहेत. ‘ध्वनिरोधक’ नको, तो आवाज आत-बाहेर न जाऊ देणाऱ्या भिंतीला आणि खोलीला लागतो. ‘आवाजबंद’ म्हणजे पुन्हा संपूर्ण शांततेचं खोटं आश्वासन. मला पटतो तो ‘ध्वनिशामक’. शम् धातूचा अर्थ शांत होणं, निवणं. अग्निशामक दल आपल्याला माहीत आहे, आणि ‘शामक’मध्ये कमी करण्याचा भाव नेमका येतो. शिवाय सायलेन्सरच्या आत वायू खरोखरच निवतो. अभ्यासाच्या पुस्तकात, लेखात हा शब्द पहिल्यांदा सायलेन्सरच्या जोडीने द्यावा. बातमीत मात्र सायलेन्सरच.

इथे एक गोष्ट आपल्या भागाने लक्षात ठेवावी. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्या संस्थानाने १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमात सुरू केलं. वैद्यक, अभियांत्रिकीपर्यंत सगळं उर्दूत शिकवायचं म्हणून खास भाषांतर विभाग उघडून शास्त्रीय शब्द घडवले गेले. एवढी मोठी खटपट झाली, तरी आमच्या बाजारात टिकले ते लोकांनी आपणहून उचललेले शब्द. प्रतिशब्द घडवणं सोपं असतं, तो मोंढ्यात चालवून दाखवणं अवघड.

इंग्रजी शब्द बंदुकीला चिकटवणं म्हणजे मराठी बिघडवणं नाही का?

मग बंदुकीपासूनच सुरुवात करावी लागेल. ‘बंदूक’ अरबीतून आला, तिथे ‘बुंदुक’ म्हणजे एक कवचाचं फळ आणि त्यावरून गोळी. ‘तोफ’ तुर्की. ‘काडतूस’ पोर्तुगीज. ‘पिस्तूल’ युरोपातून आलेला. ‘दारू’ फारसी, मूळ अर्थ औषध. मराठीत तो बंदुकीतही गेला आणि बाटलीतही. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ बघायला जाणारा कोणी तिला ‘परकी शब्दाची तोफ’ म्हणत नाही. ठाण्यातल्या कागदावरचे फिर्याद, मुद्देमाल, जप्त हे शब्दही अरबी-फारसी वाटेनेच आले. शस्त्रं बाहेरून येत गेली, नावं त्यांच्याबरोबर आली. आपल्या पदरात नळी, चाप, घोडा, छर्रा, बार असे शब्द आहेत आणि ते उत्तम आहेत. ‘फुसका बार’ तर राजकारणाच्या बातम्यांना पुरून उरतो.

भारतीय कायदा याला काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या आहे. तिच्यात सायलेन्सर हा शब्दच वापरलेला नाही. गोळीबारामुळे होणारा आवाज किंवा चमक कमी करण्यासाठी बनवलेली अथवा तशी फेरफार केलेली जोडउपकरणं, असं वर्णन आहे आणि ती अग्निशस्त्रातच मोडतात असं म्हटलं आहे. म्हणजे गाडीच्या नियमात नाव आहे, बंदुकीच्या कायद्यात नुसतं काम सांगितलं आहे. मला ही शब्दयोजना फार हुशार वाटते. उद्या कोणी ‘हा सायलेन्सर नाही, सप्रेसर आहे’ म्हणाला तरी सुटका नाही.

परिणाम सरळ आहे. नुसतं नळकांडं सापडलं, सोबत बंदूक नसली, तरी परवान्याशिवाय ते बाळगणं हा गुन्हा ठरू शकतो. २०२५ मध्ये बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांची राज्यभर चर्चा झाली, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणजे सायलेन्सरची मुभा आपोआप मिळाली, असं समजू नये.

पिकाच्या राखणीच्या बंदुकीला सायलेन्सर लागतो का?

रोही आणि रानडुकरं ज्याने रात्र-रात्र हाकलली आहेत तो यावर हसेल. पीक राखायला आवाजच तर हवा असतो. कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, आणि ती बंदूक सगळ्यात जास्त कामाला येते ती तिच्या दणक्यामुळे.

‘सायलेन्सर चोरणारी टोळी जेरबंद’ हा मथळा शस्त्रांचा आहे का?

नाही, गाड्यांचा. चारचाकीच्या धुराड्याच्या मार्गात धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. चोर त्यासाठी अख्खा सायलेन्सर कापून नेतात. मथळ्यात ‘वाहनांचे सायलेन्सर’ एवढं लिहिलं की काम भागतं.

रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर बसतो का?

बसवून उपयोग नसतो. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चकरीत आणि नळीत बारीक फट असते, वायू आणि आवाज तिथूनच निसटतो. १८९५ चं रशियन नागां रिव्हॉल्व्हर याला प्रसिद्ध अपवाद आहे. त्यात चाप ओढताना चकरी पुढे सरकून फट बंद होते. कादंबरीकारांनी एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ.

फ्लॅश हायडर, मझल ब्रेक हे त्याचेच प्रकार?

नाहीत. फ्लॅश हायडर चमक कमी करतो, मझल ब्रेक धक्का. मझल ब्रेक वायू बाजूला फेकतो, त्यामुळे चालवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानाला आवाज उलट वाढल्यासारखा लागतो.

बातमीत कसं लिहावं?

पहिल्या उल्लेखात ‘पिस्तुलाचा सायलेन्सर’ किंवा ‘बंदुकीच्या नळीला लावायचा सायलेन्सर’, पुढे नुसतं ‘सायलेन्सर’. ‘आवाज न करणारं पिस्तूल’ लिहू नका, तसं पिस्तूल नसतं. पंचनाम्यात ‘सायलेन्सरसारखी वस्तू’ लिहिलेलं असेल तर बातमीतही ‘सारखी’ ठेवा. ती वस्तू खरंच काय आहे हे तपासणीचा अहवाल सांगेल, तोवर तो शब्द गाळायचा अधिकार आपल्याला नाही. आणि बुलेटची बातमी असेल तर ‘बुलेट मोटारसायकल’ असं पूर्ण लिहा. नाहीतर ‘बुलेटसह सायलेन्सर जप्त’ वाचून पुण्या-मुंबईचा वाचक भलतंच काही समजेल.